मी अकोल्याले काहून जाते

माझ्यावर आजवर कोणी अन्याय केलेला नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण लिहिणारी बाई आठवणी सांगायला बसली की वाचणारा आधी रुमाल काढून बसतो. रुमाल खिशात ठेवा. माझा नवरा सकाळचा चहा करतो. साखर जास्त टाकतो, पण करतो. सासूबाई तोंडाच्या फटकळ आहेत, पण माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच केले आणि त्यातले निम्मे मला मिळाले. लेक पुण्यात नोकरीला आहे, दर रविवारी फोन करते. माझी अडचण एवढीच, की माझ्यावर सगळ्यांचा जीव आहे, आणि जीव असलेली माणसं दार वाजवून आत येत नाहीत.

एकोणीस वर्षं मी अपडाउन केलं. घर अमरावतीला, सरकारी कार्यालयातली कारकुनी अकोल्याला. सकाळी ऑटोनं बडनेरा, तिथून गाडी, कुरुम, मुर्तिजापूर, बोरगाव करत अकोला. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमानं. गाडीचं मन असलं तर जाताना सव्वा तास, येताना सव्वा तास. आमच्याकडे अपडाउन करणाऱ्या बाईकडे लोक जरा कळवळ्यानंच बघतात. "बाप्पा, काय हाल हो तुमचे!" असं कोणी म्हणालं की मीही चेहरा पाडायची. पाडायला काय जातं?

खरं असं, की ते अडीच तास माझे होते. त्या अडीच तासांत मला कोणी जेवण मागत नव्हतं, कोणाचं काही हरवत नव्हतं, आणि हरवलंच तर ते मला माहीत असण्याचं कारण नव्हतं. मांडीवर फायलीचा पुठ्ठा, त्यावर वही. माझे दोन्ही कथासंग्रह तिथे लिहून झाले. (त्यांच्या उरलेल्या प्रती आमच्या दिवाणात आहेत. पाहुणे त्यांच्यावरच झोपतात.) माझं अक्षर इतकं हलायचं की टाईप करून देणारी मुलगी विचारायची, "मॅडम, हे पान कुरुमच्या आधीचं का नंतरचं?" कारण कुरुम सुटलं की गाडी वेग घ्यायची आणि माझ्या काना-मात्रा उड्या मारायच्या.

गाडीत माझी एक मैत्रीण होती, अजून आहे. अकोल्याच्या कोर्टात लिपिक. आम्ही सगळ्या तिला कोर्टवालीच म्हणायचो. तिनं एक नियम केला होता: मुर्तिजापूर येईपर्यंत माझ्याशी कोणी बोलायचं नाही. मुर्तिजापूर सुटलं की डबे उघडायचे, मग सासवा, साहेब, डीए, काय वाट्टेल ते. एखादी नवी बाई समोर येऊन बसायची आणि मला विचारायची, "कुठी उतरता व ताई?" की कोर्टवाली मधेच हात आडवा करायची.

"त्याइले आवाज नका देऊ. त्या कामात हायेत."

काम! घरी त्याला "तिचं ते लिहिणं" म्हणत. लेक "आईचा छंद" म्हणायची, आणि कार्यालयातले साहेब "मॅडमची कला". काम म्हणणारी ही पहिली. मी एकदा तिला तसं सांगितलं, तर ती म्हणाली, "माह्या मायनं भातकुलीकडं लोकायच्या वावरात निंदण केलं. पण आमच्या घरी पुस्तकाले पाय लागला तर मार बसे, अन लिहित असलेल्या मानसाले आवाज देला तरी बसे. मले सवय हाय." चौदा एप्रिलच्या दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात बुंदीचे लाडू असत. त्या दिवशी मात्र मुर्तिजापूरची वाट न बघता मी वही मिटायची.

मग माझा पन्नासावा वाढदिवस आला, आणि नवऱ्यानं मला आश्चर्याचा धक्का द्यायचं ठरवलं.

त्यानं कोणाला सांगितलं, कोणाच्या मागे किती महिने लागला, मला ठाऊक नाही. पेढ्याच्या ताटात, पेढ्यांच्या खाली घडी करून ठेवलेला कागद निघाला. माझा बदलीचा आदेश. अकोल्याहून अमरावतीला. घरापासून दुचाकीवर बारा मिनिटं. सासूबाईंनी कुंकू लावलं, समोरच्या काकू धावत आल्या, "सुटली व माय एकदाची!" म्हणाल्या, आणि मी रडायला लागले. सगळ्यांना वाटलं, आनंदानं. नवऱ्याचेही डोळे भरून आले. माझ्या रडण्याचा इतका चांगला उपयोग याआधी कधी झाला नव्हता.

त्यावेळी माझी पहिली कादंबरी सात प्रकरणं झाली होती. धामणगाव रेल्वे गावातल्या एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या ढिगावर राबणारी एक बाई, आणि तिचं घर, आणि एके दिवशी ती घरातून निघते. कोणी मारलं म्हणून नाही, कोणी काढलं म्हणून नाही. निघावंसं वाटलं म्हणून निघते. सातव्या प्रकरणाच्या शेवटी ती धामणगावच्या फलाटावर येऊन उभी राहते. आठव्यात गाडी येणार होती.

बदलीच्या आनंदात नवऱ्यानं आणखी एक गोष्ट केली. घराची समोरची खोली मला लिहायला करून दिली. सागवानी टेबल, चाकांची खुर्ची, वाकणारा दिवा. सुतार दाराचं माप घेता घेता म्हणाला, "ताई, आतून कडी लावू का?"

मी हो म्हणायच्या आत बाजेवरून सासूबाई बोलल्या. "आतून कडी कायले पायजे? दिवसाढवळ्या कडी लावाले घरात काय नवी नवरी हाय?"

आमच्याकडे दिवसा घराचं दार लागलं की त्याचे तीन-चार अर्थ होतात आणि त्यातला एकही कादंबरी हा नाही. सुतार हसला, मीही हसले. कडी लावायची राहूनच गेली.

त्या खोलीत मी अकरा महिने बसले आणि एक ओळ लिहिली नाही. दोष खोलीचा नाही, खोली सुरेख होती. इतकी सुरेख, की पाहुणा आला की नवरा त्याला आधी तीच दाखवायचा. "या, या. इथं आमची ही लिहिते." पाहुणा दारातून वाकून बघायचा. मी पेन हातात धरून हसायची. प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलाला काय वाटत असेल ते मी तेव्हा समजून घेतलं. पाहुणा नसला की नवरा दर अर्ध्या तासानं पायांचा आवाज न करता यायचा आणि कुजबुजायचा, "तू लिही, लिही. मी काही बोलत नाही. फक्त चार्जर कुठं आहे तेवढं सांग."

सासूबाईंना माझी दया यायची. एकटीच बसून राहिली पोरगी, म्हणून त्या तुरीच्या शेंगा घेऊन टेबलासमोर बसायच्या. बोलायच्या नाहीत. शेंगा सोलायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. शेंग फोडल्याचा आवाज किती स्पष्ट असतो हे मला त्या हिवाळ्यात कळलं.

"काय लिहून राहिली?" एकदा त्यांनी विचारलंच.

"कादंबरी, आई."

"मी हाओ का त्याच्यात?"

"नाही."

शेंगा थांबल्या. "काहून? मी काय केलं?"

त्या दोन दिवस माझ्याशी तुटक बोलल्या.

तिकडे माझी बाई फलाटावर उभी. उन्हाळा आला, कूलर लागले, ती उभीच. रात्रंदिवस तिची आठवण यायची असं म्हणणार नाही, मी इतकी थोर नाही. पण भाजी चिरताना अचानक वाटायचं, तिचे पाय दुखत असतील. आणि त्याहून वाईट म्हणजे वाटायचं, ती आता कंटाळून घरी परत गेली असेल. असं झालं तर मी पुन्हा लिहिणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. एक्कावन्नाव्या वर्षी सुटलेलं लिहिणं कोणी शोधत परत आणून देत नाही. उलट लोक म्हणतात, बरं झालं, डोळ्यांना आराम.

जूनमधल्या एका शनिवारी मी नवऱ्याला सांगितलं, "ऑफिसचं काम आहे." शनिवारी सरकारी कार्यालय बंद असतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे. नवरा म्हणाला, "छत्री ने." इतका विश्वास ठेवणाऱ्या माणसाशी खोटं बोलणं फार अवघड असतं, तरी मी बोलले. बडनेऱ्याला गेले, अकोल्याचं तिकीट काढलं आणि सकाळच्या पॅसेंजरच्या बायकांच्या डब्यात चढले.

त्या शनिवारी कोर्ट चालू होतं, त्यामुळे कोर्टवाली होती. तिनं मला पाहिलं, पिशवी उचलून मांडीवर घेतली, खिडकी मोकळी केली. काहून आली, कुठी चालली, काही नाही.

"मुर्तिजापूरलोक?" तिनं विचारलं. म्हणजे, तिथपर्यंत कोणी बोलायचं नाही ना?

"हो."

कुरुम यायच्या आत तीन ओळी झाल्या. घाण होत्या, पण होत्या. अकोल्याला उतरले, मला कुठेही जायचं नव्हतं म्हणून एका बाकावर बसले, चहा घेतला आणि परतीची गाडी येईपर्यंत दोन पानं लिहिली. मग दर शनिवारी तेच.

आता यातला माझा गुन्हा सांगते. अकोल्याला जठारपेठेत माझं माहेर आहे. आई-वडील नाहीत, पण मोठा भाऊ आहे (मोठा असून मला ताईच म्हणतो), वहिनी आहे. स्टेशनवरून ऑटोत बसलं की चहा निवायच्या आत घर. आणि वऱ्हाडातली बाई माहेरच्या गावात पाय ठेवून, माहेरचं पाणी न पिता परत जाते? एक वेळ नवरा सोडलेला चालेल. मला हे कळत होतं, तरी मी गेले नाही. कारण मी गेले असते तर वहिनीनं शिरा केला असता, दादानं कोपऱ्यावरून कचोरी आणली असती, शेजारच्या बायका भेटायला आल्या असत्या, आणि माझी बाई फलाटावरच राहिली असती.

सहाव्या शनिवारी दादा कोणाला तरी गाडीत बसवून द्यायला स्टेशनवर आला होता. त्यानं मला पाहिलं. हाक मारली नाही. त्याला काय दिसलं, तर बहीण एकटी बाकावर, मांडीवर फाईल, डोळ्यांत पाणी. डोळ्यांत पाणी होतं ते खरं. माझी बाई घरातून निघताना मागे दुधाचं भांडं झाकायला विसरली होती, आणि ते तिला आत्ता आठवत होतं. दादा तसाच घरी गेला आणि वहिनीला म्हणाला, "ताई दवाखान्यात येऊन राहिली. आपल्याले सांगून नाई राहिली."

आमच्या भागातलं माणूस घरच्यांना न सांगता अकोल्याला जातं ते मोठ्या डॉक्टरकडेच. त्यात हातात फाईल. फाईल म्हणजे रिपोर्ट. रविवारी सकाळी दादा-वहिनी अमरावतीत हजर झाले, आणि सगळे कुठे जमले? माझ्या लिहायच्या खोलीत. चाकांच्या खुर्चीवर मला बसवलं. सासूबाई बाजेवरून उठून आत आल्या, म्हणजे प्रकरण गंभीर.

"ताई, खरं सांग," दादा म्हणाला. "कोणता डॉक्टर हाय?"

"कसला डॉक्टर?"

"लपवू नको. मी पाहिलं तुले. आपण मुंबईले जाऊ, नागपूरले जाऊ. वावर इकाव लागलं तरी चालन."

सासूबाई जवळ आल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "गाठ हाय का व?"

नवरा चहा घेऊन उभा होता. त्यात साखर टाकायला तो विसरला होता, यावरून मला त्याच्या मनाची कल्पना आली. "ऑफिस शनिवारी बंद असते," तो म्हणाला. "माझ्या लक्षातच नाही आलं. मी छत्री दिली तुला."

खोटं कशाला सांगू, पहिली दोन मिनिटं मला फार आवडली. इतकी माणसं माझ्या समोर, आणि कोणाचाही चार्जर हरवलेला नाही. मग मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही. मी अकोल्याले लिहायले जाते."

नवऱ्यानं चहा टेबलावर ठेवला.

"लिहायले," दादा म्हणाला.

"हो. गाडीत लिहिते. मग फलाटावर लिहिते. मग येताना गाडीत लिहिते."

"म्हणजे दुखणं नाई?"

"नाही."

दादाच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली आणि लगेच राग. मोठ्या मनानं वावर विकायला निघालेल्या माणसाला वावराची गरजच नाही म्हटल्यावर येतो तसा. "मंग घरी काहून नाई आली? अकोल्याच्या ठेसनावर भिकाऱ्यावानी बसते, अन भावाच्या घरी येत नाई?"

"आले असते तर वहिनीनं शिरा केला असता."

"शिरा काय खराब असते?"

"शिरा चांगला असतो दादा. शिरा खाऊन लिहिता येत नाही."

"अवं पण इथं काय कमी हाय तुले? जवाईबापूनं टेबल देलं, खुर्ची देली, घुमणारी खुर्ची!" त्यानं पुरावा म्हणून माझी खुर्ची अर्धी फिरवली. मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागून नवऱ्याचा आवाज आला, अगदी बारीक. "मी काय कमी केलं, सांग ना."

हे सगळ्यांत अवघड होतं. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं. मी खुर्ची फिरवून त्याच्याकडे तोंड केलं. "तुम्ही काही कमी केलं नाही. जरा कमी करत जा."

त्याला लागलं, मला दिसत होतं. मी शब्द परत घेतला नाही. एरवी मी फार लवकर परत घेते, माझी ती ख्याती आहे.

तेव्हा सासूबाईंनी सूत्रं हातात घेतली. त्या व्यवहारी आहेत. "होऊन जाऊ दे," त्या म्हणाल्या. "जायचं हाय तर जा. पण गल्लीत सांगजो, पाठ दुखते. अकोल्याले शेक घ्यायले जाते. पाठीचं कोनी काई इचारत नाई. लिहायले जाते म्हटलं तं लोकं म्हनतीन, सासूनं घरात बसू देलं नाई."

दादालाही ते पटलं. नवऱ्यालाही. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर मागोमाग वहिनी आली.

"ताई, पाठ नका सांगू," ती कुजबुजली. "पाठ म्हटलं का कोनी ना कोनी तेल आणून देते. शेगाव सांगा. मी सांगते ना."

"तुम्ही तर जाताच दर गुरुवारी."

"जाते. दर्शन पंधरा मिनिटात होते. मंग दोन घंटे नुसती बसते. एक झाड हाय तिकडं, त्याच्या खाली. काई करत नाई, जप नाई, पोथी नाई. सोळा वर्ष झाले. तुमच्या भावाले वाटते मी पारायण करते." तिनं दाराकडे बघितलं. "देवाचं नाव घेतलं का कोनी आडवं येत नाई."

मी पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिले. सोळा वर्षं या बाईनं मला शेगावचा प्रसाद पाठवला होता आणि मी मनात म्हणायचे, किती भोळी.

दोन्ही सल्ले चांगले होते. पाठ घेतली असती तर जन्मभराचे शनिवार मिळाले असते, वर नवऱ्यानं उशी देऊन स्टेशनवर सोडलं असतं. शेगाव घेतलं असतं तर घरात मानही वाढला असता. बाईला दुखण्यासाठी घराबाहेर जाता येतं, देवासाठी जाता येतं, मयतीला जाता येतं, माहेरी जाता येतं. हे सगळे रस्ते आमच्या आधीच्या बायकांनी वाकून, रांगून तयार केलेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण माझी धामणगावची बाई कोणतंही कारण न सांगता घरातून निघाली होती. सबंध कादंबरी त्या एका गोष्टीवर उभी. आणि तिला गाडीत बसवणारी मी पाठीला शेक घ्यायला म्हणून घरातून निघणार? तिनं माझ्या तोंडावर वही मिटली असती.

मी बाहेर आले. "आई, पाठ माझी चांगली आहे," मी म्हटलं. "चांगल्या पाठीला दुखते म्हणणार नाही, आणि देवालाही मधे घालणार नाही. दर शनिवारी मी लिहायला जाणार. गल्लीत कोणी विचारलं तर तेच सांगा. तुम्हाला सांगायची लाज वाटत असेल तर गप्प राहा, मी सांगीन. दादा, महिन्यातून एका शनिवारी जेवायला घरी येईन, शिराही खाईन. बाकीच्या शनिवारी मी अकोल्यात आहे असं समजूच नको."

आवाज कापत होता. कुरुमनंतरच्या अक्षरासारखा.

दादा जेवण न करता गेला. नवऱ्यानं चहाचे कप विसळले, दोनदा.

पुढच्या शनिवारी फाटक उघडलं तर समोरच्या काकू सडा टाकत होत्या. "सकाळी सकाळी कुठी हो?"

"अकोल्याला."

"काहून? बरं हाय ना सगळं?"

मी तोंड उघडायच्या आत मागून, बाजेवरून, गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा आवाज आला. "पाठ दुखते तिची!"

वहिनी खरं बोलली होती. काकू बादली टाकून घरात पळाल्या आणि मोहाच्या तेलाची बाटली घेऊन आल्या. त्यांच्या माहेरचं तेल, घरी काढलेलं, माझ्या हातात कोंबलं. इतक्या मायेनं दिलेली बाटली हातात असताना खरं बोलणं किती अवघड असतं ते करून बघावं. गाडीची वेळ झाली होती. ऑटोवाला बघत होता. सासूबाई बघत होत्या.

"काकू, पाठ अगदी चांगली आहे," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच. "मी कादंबरी लिहायले जाते. तेल आईंच्या गुडघ्यांना लावते."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग सासूबाईंकडे. "अन ते अमरावतीत नाई लिहिता येत?"

"नाही."

"अन सैपाक?"

"भात लावून ठेवला. पोळ्या हे करतील."

"हे?" काकूंचा सडा तिथेच राहिला. गल्लीत कादंबरीची बातमी पसरली नाही, पोळ्यांची पसरली.

सासूबाई पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तेल मात्र लावून घेतलं. दादा अजूनही फोनवर तुटक बोलतो. ठरल्याप्रमाणे जेवायला गेले तर ताटाकडे बघत जेवला. नवऱ्याचं म्हणाल तर शनिवारी त्याला घर मोठं वाटायला लागलं, म्हणून तो माझ्या खोलीत पेपर घेऊन बसायला लागला, शब्दकोडं सोडवायला. सासूबाईंना त्याची दया आली. एकटाच बसून राहिला लेक, म्हणून त्या शेंगा घेऊन समोर बसायला लागल्या. तिसऱ्या शनिवारी मी परतले तर दाराला आतून नवी कोरी कडी. सुताराला त्यानंच बोलावलं होतं. मी कडीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"आवाज होतो ना शेंगांचा," तो म्हणाला.

मी हसले नाही. फार कष्टानं नाही हसले.

आणि परवाचा शनिवार. कोर्टाला सुट्टी होती, गाडीत मी एकटीच. अकोल्याला उतरले, बाकावर बसले. आठवं प्रकरण शेवटाला आलं होतं. माझ्या बाईची गाडी सिग्नलला लागली होती, हिरवा व्हायचा बाकी. तेवढ्यात बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी येऊन बसलं. वर बघितलं तर वहिनी. घरातली साडी, हातात पिशवी नाही, ताट नाही, डबा नाही.

"काय झालं? दादा बरा आहे ना?"

"बरे हायेत."

"मग आज शेगाव? आज तर शनिवार."

"शेगाव नाई." तिनं पदर सारखा केला. "त्यायनं इचारलं, कुठी चालली? मी म्हटलं, ठेसनावर. म्हणे, ताईले डबा द्यायले? म्हटलं, नाई. बसायले."

"बसायले?"

"हो. असंच म्हटलं. बसायले चालली."

"मग दादा काय म्हणाला?"

"काई नाई. दारात उभे होते. म्या चप्पल घातली अन आली." तिचा श्वास अजून खालीवर होत होता. जठारपेठेतून ती पायी आली होती. मी वही बाजूला ठेवायला लागले, काहीतरी बोलावं, तिचा हात धरावा म्हणून. तिनं माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं.

"काय करता ताई? लिहा ना. मी बोलायले नाई आली."

मी वही परत मांडीवर घेतली. ती रुळांकडे बघत बसली, शांत, दोन्ही हात मांडीवर मोकळे. मी सिग्नल हिरवा केला, गाडी फलाटावर आणली. माझी बाई चढली. खिडकीजवळ बसली. दुधाचं भांडं उघडंच राहिलं होतं, राहू दिलं.

मान वर केली तेव्हा माझी परतीची गाडी समोरून सुटत होती. शेवटचा डबा गेला.

"गाडी गेली ना तुमची," वहिनी म्हणाली.

"पुढची दीड तासानं आहे."

"मंग बसू," ती म्हणाली, आणि बाकावर जरा मागे सरकून बसली.